‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॉलेज प्रवेशाचा हंगाम आला की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरीच पीसी जोडणारी मुले दिसू लागतात. पंखे फिरतात, दिवे लागतात, डिस्प्ले मात्र येत नाही. मग डबा उचलून दुरुस्तीवाल्याकडे न्यायचा आणि झाकण न उघडताच निदान ऐकायचे : ‘बोर्ड गेला’, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड. नवा कोरा बोर्ड खराब निघू शकतो, नाही असे नाही. पण ती शंका सगळ्यात शेवटी घ्यायची. त्याआधीच्या बहुतेक चुका एका स्टार स्क्रूड्रायव्हरने घरीच सापडतात.

आधी लक्षण नीट बघावे. बटण दाबून काहीच हालचाल नसेल तर एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) मागचा खटका आणि त्यातून बोर्डाला येणारा २४ पिनांचा जाड कनेक्टर तपासावा. कनेक्टरची कडी अडकेपर्यंत तो जोर लावून दाबावा लागतो. तेही ठीक असेल तर कॅबिनेटच्या बटणाची दोन पिनांची वायर काढून बोर्डावरच्या त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचे टोक क्षणभर एकत्र टेकवावे. मशीन सुरू झाले तर दोष बटणात किंवा वायर चुकीच्या पिनांवर बसवण्यात. ही वायर उलटसुलट कशीही चालते. अधिक-उणे बघायचे ते फक्त एलईडीच्या वायरींचे.

सुरू होऊन सेकंदात बंद पडत असेल तर बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांवर स्क्रूने बसतो ते छोटे खुंट, बघा. कॅबिनेटमध्ये ते मोठ्या एटीएक्स बोर्डाच्या हिशेबाने आधीच बसवलेले असतात. त्यावर छोटा मायक्रो-एटीएक्स बोर्ड चढवला की एखादा स्टँडऑफ भोक नसलेल्या जागी मागच्या सोल्डरला टेकतो आणि शॉर्ट होतो. बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा, तो ज्यात येतो त्या चंदेरी पिशवीवर नको, कारण तिच्या थरातून वीज वाहू शकते. त्यावर प्रोसेसर, कूलर आणि रॅमची एकच पट्टी. तसा चालला तर गडबड कॅबिनेटमध्ये आहे.

सर्वाधिक गोंधळ तिसऱ्या प्रकारात होतो : सगळे फिरते आहे, पण पडदा काळा. एचडीएमआय केबल कुठे लावली आहे? आय५-१२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० यांसारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतेच; केबल बोर्डाला लावली तर चित्र येणारच नाही, ती ग्राफिक्स कार्डालाच हवी. दुसरे, प्रोसेसरचा स्वतंत्र वीजपुरवठा. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात ८ पिनांचा सॉकेट असतो, त्यात ४+४ ची केबल जाते. ती विसरली तरी पंखे फिरतात, म्हणून कुणाला संशय येत नाही. ग्राफिक्स कार्डाची ६+२ ची केबल दिसायला तशीच, पण तिची रचना वेगळी असते. ती प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये कोंबू नये.

तिसरे, रॅम. चार स्लॉटच्या बोर्डावर एकच पट्टी असेल तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये, दोन असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या. अनेक नव्या बोर्डांवर कडी एकाच बाजूला असते. त्या बाजूने ‘टक’ झाले की पट्टी बसली असे वाटते आणि दुसरे टोक अर्धवट वर राहते. दोन्ही टोके अंगठ्याने दाबावीत.

बोर्डावर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए (ग्राफिक्स), बूट असे लिहिलेले चार बारीक दिवे असतील तर काम निम्मे झाले : जो दिवा लागून राहतो, तिथे गाडी अडली आहे. फक्त बूटचा दिवा राहिला तर अडचण पुढची आहे. एसएसडी रिकामी असेल, तर विंडोजचा पेनड्राइव्ह लावायचा बाकी आहे इतकेच. स्वस्त बोर्डांवर हे दिवे नसतात. तिथे छोटा बझर लावून रॅम काढून सुरू करावे. तक्रारीचे बीप आले म्हणजे प्रोसेसर आणि बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्रॅम) शुद्धीवर आहेत.

डीडीआर५ या नव्या रॅमच्या बोर्डावर, विशेषतः एएमडीच्या एएम५ सॉकेटवर, पहिल्या वेळी रॅमची जुळणी होताना काही मिनिटे पडदा काळाच राहतो आणि डीरॅमचा दिवा पेटलेला असतो. घाईने बंद करणारे किंवा बोर्डावरचा सेल काढून बायोस रीसेट करणारे तीच जुळणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. दहा-पंधरा मिनिटे हात लावू नये, इतके साधे आहे.

एवढे करूनही अडले तर बायोसची आवृत्ती. एएमडीचे बी६५० बोर्ड २०२२ मध्ये आले, त्यांवर बसणारे रायझन ९००० प्रोसेसर २०२४ मध्ये. गोदामात पडून राहिलेल्या बोर्डाला हा प्रोसेसर ओळखताच येत नाही. २०२२ च्या सुरुवातीचे बी६६० बोर्ड आणि इंटेलची तेरावी पिढी, किंवा जुने बी४५० आणि रायझन ५०००, यांचेही तेच. बोर्डाच्या मागे फ्लॅशबॅकचे (पेनड्राइव्हवरून बायोस अपडेट करण्याचे) बटण असेल तर उपाय घरी होतो : पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करावा, बोर्डाच्या कंपनीची बायोस फाइल झिपमधून काढून माहितीपुस्तिकेतले नाव द्यावे, खूण असलेल्याच पोर्टमध्ये लावावा, २४ आणि ८ पिनांच्या दोन्ही केबल जोडलेल्या ठेवाव्यात. दिव्याची उघडझाप थांबेपर्यंत वीज जाता कामा नये. भारनियमनाच्या भागात हे काम यूपीएसवरच करावे. बटण नसेल तर जुना प्रोसेसर लावून अपडेट करावे लागते, आणि तो घरी कुणाकडे असणार?

म्हणूनच विक्रेत्यांकडे एक मागणी आहे. बोर्ड आणि प्रोसेसर एकाच बिलावर देताना बायोस अपडेट करून द्यावा आणि त्याची आवृत्ती बिलावर लिहावी. काम थोड्या मिनिटांचे आहे. त्यासाठी वेगळे पैसे मागणे आणि नंतर ‘बोर्ड गेला’ म्हणून नवा गळ्यात मारणे, दोन्ही गैर आहे.

ग्राहकानेही इंटेलच्या सॉकेटवरचे काळे प्लास्टिक झाकण फेकू नये. आतल्या पिना वाकल्या तर वॉरंटी मिळत नाही, आणि झाकणाशिवाय आलेला बोर्ड सेवा केंद्र परत पाठवू शकते. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. फोन करताना बिल आणि बोर्डाचा सीरियल नंबर हाताशी असू द्यावा.

– एक संगणक तंत्रज्ञ, डोंबिवली