केटीएन भरूनही कनेक्टिंग फ्लाइटच्या बोर्डिंग पासवर प्रीचेकची खूण नाही

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: भागीदार कंपनीच्या विमानाला जोडलेल्या तिकिटात केटीएन पुढे न पाठवल्याबद्दल

महोदय/महोदया,

तुमच्या वेबसाइटवर काढलेल्या या तिकिटाचा अमेरिकेत पोचवणारा पहिला टप्पा भागीदार कंपनीच्या विमानाने होता आणि तिथून पुढचा देशांतर्गत टप्पा तुमच्या. ग्लोबल एन्ट्री (अमेरिकेत प्रवेशाच्या वेळी जलद तपासणीची सदस्यत्व योजना) कार्डाच्या मागे छापलेला नऊ अंकी पासआयडी हाच केटीएन, म्हणजे नोंदणीकृत प्रवासी क्रमांक. तो बुकिंग करतानाच भरला होता. तरी दुसऱ्या टप्प्याच्या बोर्डिंग पासवर टीएसए (अमेरिकेची विमानतळ सुरक्षा संस्था) प्रीचेकची, म्हणजे सुरक्षा तपासणीच्या जलद रांगेची, खूण आली नाही. ‘ते टीएसए ठरवते’ एवढे सांगून तुमच्या हेल्पलाइनने तक्रार बंद केली. हे उत्तर आम्हाला मान्य नाही.

खूण दर वेळी मिळेलच अशी हमी टीएसए देत नाही, हे खरे. पण नंबर पोचूनही खूण न मिळणे वेगळे आणि नंबर पोचलाच नसणे वेगळे. भागीदार कंपनीचा पीएनआर (बुकिंगची नोंद) उघडला तेव्हा त्यात पासपोर्टचा तपशील होता, केटीएनची जागा रिकामी होती. तुमच्या पीएनआरमध्येही दुसऱ्या टप्प्यापुढे नंबर नव्हता. तो फक्त ग्राहकाच्या प्रोफाइलमध्ये पडून होता. उड्डाणाच्या 72 तास आधीपासून टीएसएकडे नाव, जन्मतारीख, लिंग आणि केटीएन जातात ते बुकिंगमधून. तिथे नंबर नसेल तर टीएसए काय ठरवणार? पासपोर्ट, सदस्यत्व आणि तिकीट या तिन्हींवरचे नाव अक्षरशः सारखे आहे, त्यामुळे नाव न जुळल्याचे कारणही इथे लागू नाही.

हेल्पलाइनचे दुसरे म्हणणे असे, की ग्लोबल एन्ट्री चालली म्हणजे नंबर बरोबर पोचला. इमिग्रेशनला चेहरा आणि पासपोर्टवरून ओळख पटते. त्याचा तिकिटातल्या केटीएनशी संबंध नाही. तिथून सुटका झाली, तरी बॅगा घेऊन कस्टम्स, मग बॅगा पुन्हा जमा करणे आणि पुन्हा सुरक्षा तपासणी हे सगळे उरतेच. कनेक्शनचा वेळ संपतो तो या शेवटच्या रांगेत, आणि प्रीचेकचा खरा उपयोगही तिथेच. रांगेतला अधिकारी हाताने खूण देऊ शकत नाही.

ट्रान्सफर काउंटरवर तोच पास पुन्हा छापून दिला गेला. त्याने काहीच होत नाही. आधी चेक-इन रद्द करायचे, त्या टप्प्याच्या बुकिंगमध्ये केटीएन टाकायचा आणि मग नव्याने चेक-इन करायचे. तेव्हाच माहिती पुन्हा टीएसएकडे जाते. काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांना हे ठाऊक नसणे गंभीर आहे, कारण पहिले विमान चुकल्यामुळे दुसऱ्या फ्लाइटवर बदली मिळते तेव्हाही नंबर असाच गळून पडतो.

आमची मागणी: या बुकिंगच्या दुसऱ्या टप्प्यासाठी केटीएन टीएसएला पाठवला होता की नाही, हे नोंदी तपासून लेखी कळवावे. चेक-इनच्या पानावर प्रत्येक टप्प्यासमोर केटीएन दिसावा आणि तिथेच दुरुस्त करता यावा. भागीदार कंपनीच्या पीएनआरमध्ये तो आपोआप जात नसेल, तर तिकीट विकतानाच तसे स्पष्ट सांगावे, म्हणजे ग्राहक स्वतः त्या कंपनीकडे नोंदवून घेईल.

तिकीट, दोन्ही बोर्डिंग पास आणि दोन्ही पीएनआरच्या पानांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

कळावे,
आपले ग्राहक