शिशाच्या सोन्यापेक्षा मोलाचे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत शिशाचे सोने झाल्याची मे २०२५ मधील बातमी बरीच गाजली. एलिस या प्रयोगाने दिलेली ती माहिती खरीच होती; मात्र २०१५ ते २०१८ या काळात तयार झालेले ते सोने जेमतेम २९ पिकोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्याही सुमारे तीन टक्के इतकेच होते. शिवाय ते अणुकेंद्रकांच्या टकरीतून नव्हे, तर टक्कर चुकल्यामुळे निर्माण झाले होते. शिशाची दोन अणुकेंद्रके एकमेकांच्या अगदी जवळून गेली आणि विद्युतक्षेत्राच्या तडाख्याने एकातील ८२ प्रोटॉनांपैकी तीन निसटले, की सोने उरते. एलिस हा प्रयोग शिशाच्या ज्या टकरींसाठी उभारला आहे, त्यांत काय घडते हे मात्र वाचकांपर्यंत पोहोचले नाही, म्हणून हे पत्र.

समोरासमोरच्या टकरीत प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या सीमा पुसल्या जातात आणि क्वार्क (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते कण) व ग्लुऑन (क्वार्कांना जोडून ठेवणारे कण) यांचा एक द्रव तयार होतो. त्यासाठी सुमारे १.८ लाख कोटी अंश, म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या लाखपटीहून अधिक तापमान लागते आणि तो टिकतो तो प्रकाशाला एक अणुकेंद्रक ओलांडायला लागेल, साधारण तेवढाच वेळ. एवढ्या अल्पायुषी पदार्थात बाहेरून कोणतेही उपकरण घालता येत नसल्याने त्याच्या आतच जन्मलेला साक्षीदार शोधावा लागतो. चार्म आणि बॉटम हे जड क्वार्क ते काम करतात. चार्मचे वस्तुमान प्रोटॉनच्या सव्वापटीहून थोडे अधिक, तर बॉटमचे चौपटीहून अधिक असते. द्रवाच्या उष्णतेतून एवढे जड कण सहसा निर्माण होत नाहीत. ते टकरीच्या अगदी पहिल्या क्षणी जन्मतात आणि पुढचा सारा इतिहास पाहूनच बाहेर पडतात.

जड क्वार्क द्रवातून जाताना फारसे मंदावणार नाहीत, अशी पूर्वी अपेक्षा होती. वेगाने जाणारा क्वार्क ग्लुऑन उत्सर्जित करून ऊर्जा गमावतो. परंतु क्वार्क जितका जड, तितके त्याच्या दिशेलगतचे उत्सर्जन दबलेले असते. एलिसने २०२२ मध्ये प्रोटॉन-प्रोटॉन टकरींत हा परिणाम थेट दाखवलाही. तथापि अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत सोन्याची अणुकेंद्रके आदळवून केलेल्या प्रयोगांत जड क्वार्कही जवळजवळ हलक्यांइतकेच अडतात, असे दिसले होते. उत्सर्जनाबरोबरच द्रवातील कणांशी होणाऱ्या धडकांतही ऊर्जा जाते, हे त्यानंतर गांभीर्याने मोजले जाऊ लागले. सर्नमध्ये चार्म व बॉटम वेगळे मोजता आले, तेव्हा बॉटम चार्मपेक्षा कमी अडतो हेही स्पष्ट झाले. म्हणजे वस्तुमानाचा प्रभाव खोटा नव्हता, फक्त एकटा नव्हता. चार्म तर महापुरातल्या ओंडक्यासारखा द्रवाच्या प्रवाहाबरोबर वाहतही जातो.

माझ्या मते या साऱ्यात सर्वांत उद्बोधक गोष्ट आहे ती जे/साय या कणाची. चार्म आणि प्रतिचार्म (चार्मचा प्रतिकण) यांच्या जोडीने बनणारा हा कण अशा द्रवात विरघळेल आणि म्हणून त्याची घटलेली संख्या हीच द्रवाची खूण ठरेल, असे मात्सुई आणि सात्झ या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये सुचवले होते. सर्नच्या जुन्या त्वरकावर (कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर) आणि नंतर ब्रुकहेवनमध्ये घट दिसली. पुढे सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या नव्या त्वरकात प्रथम ब्रुकहेवनच्या जवळजवळ चौदापट ऊर्जेवर शिसे आदळले, तेव्हा घट वाढायला हवी होती. प्रत्यक्षात कमी संवेगाचे जे/साय ब्रुकहेवनपेक्षा अधिक प्रमाणात वाचलेले आढळले. घाईने वाचणाऱ्याला यात सिद्धांताचा पराभव दिसेल. वस्तुतः या ऊर्जेला एकेका समोरासमोरच्या टकरीत चार्मच्या इतक्या जोड्या निर्माण होतात की, एका जोडीतला चार्म दुसऱ्या जोडीतल्या प्रतिचार्मला गाठतो आणि नवा जे/साय बनतो. क्वार्क मोकळेपणाने भटकल्याशिवाय हे घडणे कठीण, त्यामुळे वाढलेली संख्याही द्रवाच्याच बाजूने साक्ष देते. बॉटमच्या जोड्या विरळ असल्याने तिथे हा गोंधळ कमी असतो आणि सर्नमधील सीएमएस या दुसऱ्या प्रयोगाने दाखवल्याप्रमाणे सैल बांधलेले अप्सिलॉन (बॉटम आणि प्रतिबॉटम यांच्या जोडीचे कण) घट्ट बांधलेल्यांपेक्षा अधिक नाहीसे होतात.

या कामात आपली माणसेही आहेत. एलिसमध्ये कोलकात्याच्या संस्थांबरोबर मुंबईची आयआयटी आहे, तर सीएमएसमध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था. या संस्थेतील सिद्धांतकारांनी कोलकात्याच्या सहकाऱ्यासह २०१२ मध्ये जड क्वार्कला द्रवात बसणाऱ्या धक्क्यांचे प्रमाण संगणकावर काढले आणि ते सोप्या अंदाजांपेक्षा बरेच मोठे निघाले.

प्रोटॉन आणि शिसे यांच्या लहानशा टकरीतही चार्मचा सामूहिक प्रवाह दिसतो, पण ऊर्जेची तशी मोठी हानी मात्र दिसत नाही. एवढ्या थोड्या कणांचा द्रव होतो का, की या प्रवाहाचे कारण निराळेच आहे, यावर मतभेद आहेत. सर्नविषयीची पुढची बातमी छापताना आपल्या प्रतिनिधीने मुंबईतील या संशोधकांना हाच प्रश्न विचारावा, अशी विनंती आहे.

आपला,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक, सांगली