वसंत पवारांचं नाव घ्या की!

संपादक महाशय,

परवा एका वाहिनीवर ‘बुगडी माझी सांडली गं’ लागलं. निवेदिकेनं आशाबाईंचं तोंडभरून कौतुक केलं, ते रास्तच. पण संगीतकार वसंत पवार आणि गीतकार गदिमा यांचा साधा उल्लेखही नाही. वर मधला ढोलकीचा तुकडाच कापलेला!

हे गाणं ज्या चित्रपटातलं, तो १९५९चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात सव्वाशेहून जास्त आठवडे चालला. आमची आत्या तो पाहून आली की जयश्री गडकरांसारखा पदर खोचून, कान चाचपत स्वयंपाकघरात गुणगुणायची. आजोबा खाकरले की गप्प. (काम मात्र तिला हंसा वाडकरांचंच आवडे. मलाही.)

गाणं लावताना दोन नावं घ्यायला कितीसा वेळ लागतो?

– एक वाचक, पुणे