चालताना झोक जातो? वयावर ढकलू नका

मा. संपादक,

पन्नाशी-साठीतल्या माणसाचा चालताना झोक जाऊ लागला की घरचे अशक्तपणा म्हणतात, दवाखान्यात मानेचा स्पाँडिलायटिस किंवा कानाचा त्रास ठरतो आणि चक्करेच्या गोळ्यांवर दोन-तीन महिने निघून जातात. यातल्या काही रुग्णांच्या लहान मेंदूवर त्यांचीच प्रतिकारशक्ती हल्ला करत असते. असे रुग्ण थोडेच असतात, पण हे दुखणे वेळेत ओळखले तर बऱ्याचदा रोखता येते. म्हणून हे पत्र.

लहान मेंदूचे वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. तरी मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्जांच्या आसपास त्यातच असतात. हालचाल किती जोराने करायची आणि नेमकी कुठे थांबवायची, हे तो क्षणोक्षणी सुधारत असतो. बोलण्याची लय आणि नजरेची स्थिरताही त्याच्याकडेच. त्याच्या बाह्य थरातून बाहेर जाणारा प्रत्येक संदेश पर्किंजे पेशींमार्फत जातो. हल्ल्यात मुख्यतः याच पेशी मरतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत.

कानाच्या चक्करेत कूस बदलताना घर फिरते. लहान मेंदूच्या आजारात आडवे पडल्यावर फारसे काही जाणवत नाही, पण चालताना पाय फाकतात, वळताना भिंत धरावी लागते, सदऱ्याचे बटण लावताना हात पुढे निघून जातो, बोलणे जड आणि तुटक होते. तोंड धुताना डोळे मिटले की तोल जात असेल, तर आधी बी-१२ आणि पायांच्या नसा तपासाव्यात. डॉक्टरांनी रुग्णाला एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचे बोट टेकवत एका रेषेत दहा पावले चालवावे, हाताचे बोट नाकाला लावायला सांगावे आणि नजर बाजूला नेऊन बुबुळे थरथरतात का ते पाहावे. याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

त्रास किती वेळात वाढला, हे विचारणे सर्वांत महत्त्वाचे. काही मिनिटांत किंवा तासांत सुरू झाला तर तो पक्षाघात समजून थेट मोठ्या रुग्णालयात जावे. सुरुवातीच्या सीटी स्कॅनमध्ये लहान मेंदूचा पक्षाघात निसटू शकतो. वर्षानुवर्षे सावकाश वाढत असेल तर आनुवंशिक आजार किंवा दारू हे कारण असू शकते. काही आठवड्यांत वाढला तर प्रतिकारशक्तीचा संशय घ्यावा. मात्र फिट्ससाठी फेनिटॉइन चालू असेल तर आधी त्याची रक्तातली पातळी पाहावी.

एमआरआय सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतो; लहान मेंदूचे आकुंचन दिसायला काही महिने लागतात. त्यामुळे नॉर्मल रिपोर्ट पाहून शोध थांबवू नये. रक्त आणि पाठीतले पाणी, दोन्हींत हल्ला करणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) तपासावीत. नमुना इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातून बनवलेले, या आजारावरचे औषध) देण्याआधीच घ्यावा, कारण त्या औषधातून दात्यांची प्रतिपिंडे रुग्णाच्या रक्तात येतात आणि तपासणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. जीएडी (शरीरातले एक एन्झाइम) याविरुद्धची प्रतिपिंडे कमी प्रमाणात टाइप-१ मधुमेहातही सापडतात. पातळी खूप जास्त असेल तरच त्यांना दोष द्यावा. स्त्रीमध्ये 'यो' नावाचे प्रतिपिंड निघाले तर अंडाशय आणि स्तनाचा कर्करोग शोधावा. तोल बहुधा गाठ सापडण्याआधी जातो, त्यामुळे पहिला स्कॅन कोरा आला तरी दर चार ते सहा महिन्यांनी दोन वर्षे तपासत राहावे. हल्ला थांबवायचा तर गाठीवर उपचार हवेतच.

सहसा मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज १ ग्रॅम शिरेतून तीन ते पाच दिवस, किंवा इम्युनोग्लोब्युलिन वजनाच्या दर किलोमागे ०.४ ग्रॅम रोज, पाच दिवस देतात. स्टेरॉइडआधी साखर आणि क्षयरोग, तर रिटुक्सिमॅब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाआधी कावीळ-बी तपासलीच पाहिजे. सोबत तोल सावरण्याचे व्यायाम पहिल्या आठवड्यापासून हवेत.

ग्लुटेनमुळे (गव्हातल्या प्रथिनामुळे) होणाऱ्या प्रकाराबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण त्याचा मुख्य उपचार घरातच आहे. यातल्या बहुतेकांचे पोट ठणठणीत असते, म्हणून कुणाला गव्हाचा संशय येत नाही. प्रतिपिंडांची तपासणी होईपर्यंत पोळी बंद करू नये. आधीच बंद केल्यास रिपोर्ट फसवा येतो. निदानानंतर मात्र गहू, मैदा, रवा, शेवया, लापशी आणि जव पूर्ण बंद. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी आहेत, त्यामुळे उपासमार होत नाही. घोळ होतो तो दळणात. गव्हामागोमाग त्याच जात्यावर ज्वारी दळली की पिठात गहू आलाच. घरघंटी फक्त याच दळणासाठी ठेवावी. बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ असते. विकतच्या पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' असेल तर नियमाने किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. सहा महिने ते वर्षभराने प्रतिपिंडे पुन्हा तपासावीत. ती उतरली नसतील तर औषध वाढवण्याआधी दळण आणि हिंगाची डबी पाहावी.

– मेंदूविकारांवर उपचार करणारे काही डॉक्टर, पुणे