‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमकं काय डाऊन?

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात ‘सर्व्हर डाऊन, नागरिकांना मनस्ताप’ ही बातमी अधूनमधून असतेच. कधी सातबारा निघत नाही, कधी रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन अडतं, कधी ॲडमिशनचा फॉर्म सबमिट होत नाही. बातमी खोटी नसते, लोक खरंच ताटकळतात, पण पूर्ण वाचूनही कळत नाही की बंद काय पडलं आणि ते बघायचं काम कोणाचं होतं. मी बरीच वर्षं सर्व्हर सांभाळायच्याच नोकरीत आहे म्हणून लिहितोय, बऱ्याचदा सर्व्हर बिचारा व्यवस्थित चालू असतो! वेबसाईट खरी आहे हे ब्राउझरला पटवणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत संपलेली असते आणि रिन्यू करायचं कोणाच्या लक्षात नसतं, नाहीतर मशीनच्या रोजच्या नोंदींच्या लॉग फाईली साचून साचून डिस्क फुल झालेली असते, नाहीतर रस्ता खोदताना जेसीबीने फायबर तोडलेली असते. खिडकीवरचा माणूस तिन्ही वेळेला सांगतो, सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.

मुळात सर्व्हर म्हणजे बंद पडू नये म्हणूनच बनवलेलं मशीन. पॉवर सप्लाय दोन असतात, एक जळला तरी दुसऱ्यावर चालतं. रॅम ईसीसी असते, छोटी चूक स्वतःच दुरुस्त करते. डिस्क रेडमध्ये (RAID, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा शाबूत राहील अशी अनेक डिस्कची जोडणी) लावलेल्या असतात आणि हॉट स्वॅप असतात, म्हणजे खराब झालेली डिस्क मशीन चालू ठेवूनच ओढून काढायची आणि नवीन सरकवायची. आतमध्ये बीएमसी नावाची एक वेगळी चिप असते, तिला कुठली कंपनी आयड्रॅक म्हणते कुठली आयलो, तिच्यामुळे मुख्य मशीन बंद असलं तरी घरबसल्या बघता येतं की पंखा गेलाय, तापमान वाढलंय की डिस्क मरायला टेकलीये. एवढी सगळी सोय पैसे मोजून घेतलेली असते हो.

आणि मग प्रत्यक्षात काय दिसतं सांगतो. एका ऑफिसात, नाव नको, सर्व्हर रूम म्हणजे अर्धं रेकॉर्ड रूमच होतं, फाईलींचे गठ्ठे थेट रॅकला टेकलेले, एसीखाली बादली. सर्व्हरचे दोन्ही पॉवर सप्लाय एकाच एक्स्टेन्शन बोर्डात! म्हणजे दोन घेतले कशाला? एका डिस्कवर नारिंगी दिवा लागलेला, विचारलं तर उत्तर आलं, ‘तो गणपतीपासून लागलाय साहेब, पण काही अडत नाही.’ तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. आता तिथे रेड फाईव्ह, त्यात एक डिस्क गेली तरी काम चालू राहतं, दुसरी गेली की सगळा डेटा गेला, आणि सगळ्या डिस्क एकाच दिवशी एकाच लॉटमधल्या घेतलेल्या असतात त्यामुळे म्हाताऱ्याही सोबतच होतात, त्यात नवीन डिस्क टाकल्यावर रिबिल्ड होताना, म्हणजे तिच्यावर डेटा परत भरताना, उरलेल्या डिस्क तासन्‌तास सलग वाचल्या जातात, नेमकी तेव्हाच दुसरी मान टाकते. नारिंगी दिवा दिसला त्या आठवड्यात डिस्क बदलायला हवी होती, पण एएमसी, म्हणजे देखभालीचं वार्षिक काँट्रॅक्ट, संपलेली आणि फाईल अकाऊंट्सला अडकलेली. उद्या हे मशीन गेलं की बातमी येणार ‘तांत्रिक बिघाड’. बिघाड कसला, ती फाईल अडकली होती.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. सप्टेंबर 2025 मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला बॅटरी हलवताना आग लागली, 600 हून जास्त सरकारी सिस्टीम थांबल्या आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाईली ठेवायची जी-ड्राईव्ह, 858 टेराबाईट, ती कायमची गेली कारण तिचा बाहेर कुठे बॅकअपच नव्हता. उलट 19 जुलै 2024 ला जगभरातली 85 लाख विंडोज मशीन बंद पडली तेव्हा एकही पार्ट जळला नव्हता, क्राऊडस्ट्राईक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सॉफ्टवेअरचा एक खराब अपडेट आला होता आणि आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहावे लागले. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सचं काम कित्येक दिवस कागदावर आलं, तो तर सायबर हल्ला. आग, अपडेट, हल्ला, तिन्हीत जबाबदार माणसं वेगळी, उपाय वेगळे, आणि आपण सगळ्याला सर्व्हर डाऊन म्हणून मोकळे.

म्हणून विनंती अशी की वार्ताहरांनी दोनचार प्रश्न जास्तीचे विचारावेत. एएमसी चालू आहे का? अलर्टचा एसएमएस कोणाला जातो, की बदली होऊन गेलेल्या साहेबांच्याच नंबरवर जातोय? ऑपरेटिंग सिस्टीम कुठली, कारण सर्व्हरवर चालणाऱ्या सेंटओएस सात या सिस्टीमचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, 30 जून 2024 लाच संपला, त्यावर अजूनही कारभार चालू असेल तर तीच एक बातमी आहे. आणि ‘बॅकअप आहे का’ असं विचारू नका, हो म्हणतात सगळे. शेवटचा बॅकअप रिस्टोर करून कधी बघितला ते विचारा, चेहरा बघण्यासारखा होतो.

अजून एक, काँट्रॅक्टमध्ये 99.9 टक्के अपटाईम, म्हणजे सिस्टीम चालू राहण्याचा वेळ, लिहिलेला असतो, ऐकायला भारी वाटतं पण त्यात वर्षाला पावणेनऊ तास बंदची मुभा असते, 99.99 असेल तर फक्त 53 मिनिटं. माहिती अधिकारात तो आकडा, गेल्या वर्षीचे बंदचे तास आणि ठेकेदाराकडून वसूल केलेला दंड एवढं मागवा आणि तीन आकडे शेजारी शेजारी छापा. आणि बातमीसोबत तो निळ्या लाईटवाल्या चकाचक रॅकचा इंटरनेटवरचा फोटो नका टाकू प्लीज, फोटोग्राफरला त्या ऑफिसच्या सर्व्हर रूममध्येच पाठवा, आत सोडलं तर.

आपला नम्र,
एक सिस्टीम ॲडमिन, ठाणे