राजवाड्यासमोरच्या त्या सगळ्यांचे आभार

गेल्या महिन्यात इंदूरच्या सराफ्यातून परतताना राजवाड्यासमोर बाबा कोसळले. श्वास थांबलेला. आई नुसती त्यांचे हात चोळत होती. तेवढ्यात कॉलेजातली एक मुलगी गुडघ्यांवर बसली, छातीच्या मधोमध तळवे ठेवले आणि मोठ्याने मोजत दाबू लागली. मिनिटाला १०० ते १२० वेळा, निदान ५ सेंटिमीटर खोल, हे नंतर डॉक्टरांनी समजावलं. मेंदूला रक्त मिळालं नाही तर काही मिनिटांतच इजा सुरू होते म्हणे. ती दमली तेव्हा एका रिक्षावाल्याने तिच्या सांगण्याप्रमाणे दाबायला घेतलं. कुणी १०८ लावला.

आणि ते गराडूवाले, म्हणजे तळलेला कंद विकणारे, काका! गाडी तशीच भावावर सोपवून आईला स्कूटरवर दवाखान्यात घेऊन आले, मामा येईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिले. बाबांचा चष्मा त्यांनी रस्त्यावरून उचलून, पुसून खिशात जपला होता. पैसे विचारले तर म्हणाले, ‘‘क्या बात कर रहे हो, भिया!’’

बाबा आता घरी आहेत. ताई, तुझं नावही विचारायचं राहिलं. सवडीने घरी ये. आमच्या कॉलनीत सीपीआरचं, म्हणजे असं छाती दाबून जीव वाचवण्याचं, प्रशिक्षण ठेवलंय. खुर्च्या आपणच मांडणार असं बाबांचं म्हणणं आहे. आई मांडू देणार नाही.