स्वतंत्रपूरची वाट

मुंबई

तीर्थरूप आई व बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगात कैदी बायकामुलांसह शेती करून राहतात, मग मुंबईच्या तुरुंगात तुम्ही सुधारणा म्हणून नेमके करता तरी काय, असे बाबांनी परवा विचारले. फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून लिहिते.

बाबा, लहानपणी तुम्हीच मला आटपाडीहून सायकलवर तिकडे नेले होते आणि हे पळून कसे जात नाहीत, असे मी विचारले होते. 1939 साली औंध संस्थानाने मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याच्या कल्पनेतून ते धाडस केले. परंतु तिथला कैदी शिक्षा लागलेला आणि वर्तणूक पाहून निवडलेला असतो. आमच्याकडे बहुतेक कच्चे कैदी. देशभरातही चारांतले जवळपास तीन तसेच. ज्याचा गुन्हाच सिद्ध झालेला नाही, त्याला सुधारायचे तरी कशातून? तो आत राहून बिघडू नये, एवढे अधिकाऱ्याच्या हाती असते आणि तेही सोपे नाही.

किरण बेदी 1993 ते 1995 या काळात तिहारच्या महानिरीक्षक होत्या. त्यांचे विपश्यना शिबिर सर्वांना आठवते. मला मात्र बराकींतून फिरणारी आणि तक्रारी थेट त्यांच्यापर्यंत नेणारी ती तक्रारपेटी अधिक मोलाची वाटते.

माझे काम तुम्हाला कारकुनीच वाटेल. सकाळची मोजणी झाली की मी रजिस्टर घेऊन बसते. फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 नुसार, पहिल्यांदाच आत आलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला, की फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि आणखी खटले असलेले वगळता, त्याच्या सुटकेसाठी न्यायालयाकडे लेखी अर्ज कारागृह अधीक्षकांनीच करायचा असतो. त्यामुळे प्रत्येक ओळीवर पट्टी ठेवून मी तारखा मोजते. गेल्या महिन्यात चोरीच्या आरोपातील एका पोराचे वर्ष भरत आल्याचे असेच ध्यानात आले. कागद तयार झाल्याचे सांगितले, तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, आईला आत्ताच कळवू नका, उगाच वाट बघत बसेल.”

आई, कैद्यांना काही दिवस घरी जायला संचित रजा मिळते, तशी मलाही दिवाळीत मिळाली तर येईन. बाबांना घेऊन स्वतंत्रपूरला जाऊ. कुलूप नसलेल्या घरांतली रात्रीची मोजणी ते कशी घेतात, हे मला तिथल्या अधिकाऱ्यांना विचारायचे आहे.

तुमची,
ताई